जुन्या संगणकांचा नाद

रविवारी दुपारची जेवणे आटोपली, की आमच्या जेवणाच्या टेबलावर जुने वर्तमानपत्र अंथरले जाते आणि त्या टेबलाचा ताबा माझ्याकडे येतो. मग कपाटाखालून एक पत्र्याचा डबा निघतो. एके काळी त्यात दिवाळीच्या चकल्या असत. आता त्यात दोन पेचकस, एक चिमटा, रंगकामाचा मऊ कुंचला, कापूस, टाचण्यांच्या जुन्या डबीत निवडून ठेवलेले बारीक स्क्रू आणि एक पांढरा खोडरबर असतो. तो डबा दिसताच घरातील मंडळी काय ते समजतात आणि आपापल्या वाटेने जातात. आई मात्र जाता जाता विचारतेच, “आज कोणाचं पोस्टमॉर्टेम?”

मला जुन्या, टाकून दिलेल्या संगणकांचा नाद आहे. हे वाक्य मी लिहिले खरे; पण चारचौघांत उच्चारण्याचे धैर्य मला फार उशिरा आले. कोणी पोस्टाची तिकिटे जमवतो, कोणी कुंड्यांतून गुलाब फुलवतो. त्या छंदांना समाजात प्रतिष्ठा आहे. चाळिशीकडे झुकलेली, दिवसभर कार्यालयात भाषांतरे करणारी आणि दुसऱ्यांच्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका सुधारणारी एक बाई रविवारी भंगारातला संगणक उघडून बसते, याला काय म्हणावे हे लोकांना समजत नाही. माझे शिक्षण बी. ए.पर्यंतचे, तेही इतिहास घेऊन. विजेशी माझा संबंध दिवा लावण्या-मालवण्यापलीकडे कधी आला नव्हता. तेव्हा हे वेड लागले कसे, ते आधी सांगितले पाहिजे.

२०२० साली टाळेबंदी झाली आणि कार्यालय घरी आले. घरात संगणक एकच आणि काम करणारी माणसे दोन. सकाळी ‘हे’ बसत, दुपारी मी बसे. आणि छापखान्याची तारीख तर दोघांच्या सोयीने पुढेमागे होत नाही. दिल्लीची सगळी दुकाने बंद होती. अशात जिन्याखालच्या कोपऱ्यात धूळ खात पडलेला एक संगणक माझ्या ध्यानात आला. वरच्या मजल्यावरचे कुटुंब बदली होऊन गेले तेव्हा तो तेथेच सोडून गेले होते. फोनवर त्यांची परवानगी घेतली आणि तो घरी आणला. कळ दाबली, तर पडदा काळाच. आतून मात्र एखाद्या हट्टी मुलाने भोकाड पसरावे तशी शिटी एकसारखी वाजू लागली.

ओळखीच्या एका दुकानदाराला मी फोन करून ती शिटी ऐकवली. तो हसला आणि म्हणाला, “दीदी, घर में रबर है? पेन्सिलवाला?” संपादन करणारीच्या घरी दुसरे काही नसेल, पण खोडरबर असायचाच! त्याने सांगितल्याप्रमाणे वीज तोडून मी पेटी उघडली, स्मृतीची पट्टी, जिला ‘रॅम’ म्हणतात, ती बाहेर काढली आणि तिच्या कडेच्या सोनेरी दातांवरून खोडरबर हलक्या हाताने फिरवला. त्या दातांवर सोन्याचा अतिशय पातळ मुलामा असतो; वर्षानुवर्षांच्या धुळीचा व ओशटपणाचा थर त्यावर बसला की विजेचा स्पर्श तुटतो आणि यंत्र आपली स्मृतीच विसरते. कुंचल्याने रबराचे कण झटकले, पट्टी पुन्हा खाचेत बसवली आणि कळ दाबली. या वेळी एकच आखूड शिटी वाजली. बहुतेक जुन्या संगणकांच्या भाषेत तिचा अर्थ ‘सर्व ठीक आहे’ असा होतो, हे मला नंतर कळले. पण अर्थ कळण्याआधीच आनंद झाला होता. ज्या वस्तूने आजवर मी केवळ चुका पुसल्या, तिने एक स्मृती परत आणली होती.

ती आखूड शिटी माझ्या ओळखीची होती. २००० साली, मी अकरा वर्षांची असताना, नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, घरात पहिला संगणक आणला तेव्हा रोज संध्याकाळी ती ऐकू येई. सरकारी वसाहतीतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात तो संगणक एखाद्या पाहुण्यासारखा राहत असे. त्याच्यावर आईने विणलेले पांढरे आच्छादन असे. नऊ वर्षे त्याने चाकरी केली. पुढे मला लॅपटॉप हवा झाला आणि २००९ साली मीच कबाडीवाल्याला बोलावून तो पाचशे रुपयांना विकला. नाना काही बोलले नाहीत. फक्त देण्यापूर्वी त्यांनी ओल्या फडक्याने तो पुसला आणि खणातल्या फ्लॉप्या काढून घेतल्या. भंगारात जाणारी वस्तू पुसायची कशाला, असे मी तेव्हा म्हटल्याचे मला आठवते.

असो. जिन्याखालचा तो संगणक चालू झाला आणि मला चटक लागली. त्यात ‘कोअर टू ड्युओ’ नावाचा प्रोसेसर होता. हा प्रकार २००६ साली बाजारात आला. म्हणजे यंत्रांच्या हिशेबाने तो पणजोबाच म्हणायचा. मी त्याच्यावर एकेक प्रयोग करू लागले. घड्याळ दर वेळी भलतीच तारीख दाखवी. तर आत रुपयाच्या नाण्याएवढी, तीन व्होल्टची एक चपटी बॅटरी असते आणि ती संपली की यंत्राला काळाचे भान राहत नाही, असे कळले. काही रुपयांची ती बॅटरी बदलली आणि यंत्र वर्तमानकाळात आले. दहा मिनिटांत ते तापून बंद पडे. तर प्रोसेसर आणि त्यावरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो आणि तो वाळून खडूसारखा झाला होता. जुना लेप पुसून तुरीच्या दाण्याएवढा नवा लावला, पंख्याच्या पात्यांवरची धूळ झाडली आणि त्याचा ताप उतरला.

सर्वांत मोठा चमत्कार मात्र हार्ड डिस्क बदलल्याने झाला. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या मिनिटाला हजारो फेरे घेतात आणि एक बारीक दांडी ग्रामोफोनच्या काट्यासारखी इकडून तिकडे धावून मजकूर शोधते. संगणक म्हातारा झाला असे आपण म्हणतो, तेव्हा पुष्कळदा ही दांडीच धापा टाकत असते. तिच्या जागी ज्यात काहीच फिरत नाही अशी एक लहानशी एस.एस.डी. बसवली. पूर्वी सुरू व्हायला चार मिनिटे घेणारा संगणक अर्ध्या मिनिटात तयार होऊ लागला. पुढे त्यावर मी ‘लिनक्स’ चढवली. फिनलंडमधल्या लिनस टोर्वाल्डस् या विद्यार्थ्याने १९९१ साली जिचा गाभा लिहायला घेतला, ती ही संगणक-प्रणाली. जगभरच्या हजारो लोकांनी ती वाढवली आणि कोणालाही ती विनामूल्य घेता येते. तिच्यात मराठीचा कळफलक आधीपासूनच असतो. त्या पणजोबावर मी सबंध दोन वर्षे भाषांतरे केली आणि एकही छापील पान त्याच्यामुळे उशिरा गेले नाही.

यानंतर घरात संगणक येऊ लागले. दिल्लीत नेहरू प्लेस हे संगणकांचे मोठे बाजारपेठेचे ठिकाण. लाल किल्ल्यासमोरच्या लाजपतराय मार्केटातही विजेच्या वस्तूंचे नाना सुटे भाग मिळतात. नव्या वस्तूंच्या झगमगाटामागे, जिन्यांच्या वळणांवर आणि तळघरांत, जुन्याचा एक वेगळाच बाजार भरतो. तेथे मदरबोर्ड वह्यांसारखे उभे रचलेले असतात आणि रॅमच्या पट्ट्या ओंजळीने विकतात. सुरुवातीला मला पाहून दुकानदार म्हणत, “मैडम, नया दिखाऊँ?” आता ते एखादी बिघडलेली वस्तू बाजूला काढून ठेवतात आणि “ये आपके मतलब का माल है” असे म्हणून आदराने पुढे करतात. ‘हे’ म्हणतात, की मला बाजारात एवढा मान यापूर्वी कधी मिळाला नव्हता, आणि तो मिळावा तो भंगारवाल्यांकडून!

या छंदाने मला थोडी नम्रताही शिकवली. एकदा परदेशातून आलेल्या जुन्या मालातला एक संगणक मला मिळाला. मोठ्या हौसेने मी तो पुसला, जोडला आणि विजेची कळ दाबली. क्षणार्धात फटाका फुटावा तसा आवाज झाला, मागून धूर निघाला आणि सबंध घरातली वीज गेली. आई दूरदर्शनसमोर अंधारात बसली होती, चिरंजीव टाळ्या पिटत होते आणि मी हातात पेचकस धरून पुतळ्यासारखी उभी होते. जुन्या वीजपुरवठ्याच्या पेटीमागे एक लहानसा तांबडा खटका असतो. त्यावर ११५ आणि २३० असे दोन आकडे लिहिलेले असतात. काही देशांत घरगुती वीज ११५ व्होल्टच्या आसपास असते, आपल्याकडे २३०. तो खटका ११५ वर होता आणि मी तो पाहिलाच नव्हता. छापखान्यात पान पाठवण्यापूर्वी ते तीनदा वाचणाऱ्या बाईने तीन आकडे वाचू नयेत, याला काय म्हणावे? तेव्हापासून जुने यंत्र हाती आले, की आधी त्याच्या पाठीवरचे सगळे वाचल्याशिवाय मी त्याला वीज देत नाही.

ज्या वाचकांना हा मार्ग धरावासा वाटेल, त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगाव्याशा वाटतात. वीजपुरवठ्याची बंद पेटी आणि जुना नळीचा पडदा ही दोन कधीही उघडू नयेत; वीज तोडल्यावरही त्यांच्यात प्राणघातक भार साठून राहू शकतो. आणि काम झाल्यावर हात साबणाने स्वच्छ धुवावेत, कारण जुन्या डागकामात शिसे असते. लहान मुलांना शेजारी बसवावे, स्क्रू मोजायला लावावेत. पण जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र न अंथरता काम करू नये, ही आमच्या आईची अट मला सर्वथा मान्य आहे.

आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. जुने ते सगळे राखावे असे नाही. २००० नंतरच्या काही वर्षांतल्या ‘पेंटियम फोर’ जातीचा प्रोसेसर एकटाच शंभर वॅटच्या दिव्याइतकी वीज खातो. तो रोज दिवसभर चालवला तर स्वस्त मिळालेली वस्तू विजेच्या बिलात महाग पडते. त्याच सुमाराच्या अनेक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर सदोष निघाले. त्यांची डोकी पुरीसारखी फुगतात आणि त्यांतून तपकिरी द्रव पाझरतो. अशा यंत्रातले उपयोगी भाग काढून घ्यावेत आणि उरलेल्याला निरोप द्यावा. परंतु तो कोणाच्या हाती द्यावा, हा खरा प्रश्न आहे.

ईशान्य दिल्लीतल्या सीलमपूर भागात मी एकदा गेले होते. शहरातले कितीतरी मृत संगणक अखेर तेथे पोहोचतात. माणसे अतिशय कसबाने ती यंत्रे सोडवतात. तारांतले तांबे निराळे, पत्रा निराळा, प्लास्टिक निराळे. ते कसब पाहून मला माझ्या हातांची लाज वाटली. परंतु तांब्यासाठी तारा जाळल्या आणि सोन्यासाठी पाट्या आम्लात बुडवल्या, तर तो धूर आणि ते पाणी कोणाच्या पोटात जाते हे सांगायला नको. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लक्ष टन विद्युत कचरा निर्माण झाला आणि त्यांतला चौथा हिस्साही रीतसर गोळा होऊन पुन्हा उपयोगात आल्याची नोंद नाही, असे संयुक्त राष्ट्रसंघाच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेला अहवाल सांगतो. आपल्याकडे ई-कचऱ्यासंबंधीचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले आणि नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांची व्यवस्था झाली. तरी घराच्या दारातून वस्तू बाहेर काढताना निर्णय आपणच घेतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘विंडोज १०’ या प्रणालीचा नियमित आधार संपला आणि धडधाकट असलेले कितीतरी संगणक त्या दिवशी कागदोपत्री म्हातारे झाले. वस्तू निकामी होणे निराळे आणि ती निकामी ठरवली जाणे निराळे, हे मला या छंदाने शिकवले.

पण मी ज्यासाठी हा लेख लिहावयास बसले, ती गोष्ट अजून सांगितलीच नाही.

नाना २०१६ साली गेले. २०२४ च्या दिवाळीपूर्वी माळा झाडताना आईला त्यांची एक जुनी चामडी पिशवी सापडली. तीत अकरा फ्लॉप्या होत्या. आमच्या चिरंजीवांनी त्या पाहिल्या आणि “ही सेव्हची खूण खरोखरची असते?” असे विचारले. एका फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट मजकूर मावतो. आजच्या मोबाइलवर काढलेले चार मेगाबाइटचे एक छायाचित्र ठेवायला अशा तीन फ्लॉप्या लागतील. प्रत्येक फ्लॉपीवर नानांच्या रेखीव अक्षरांत एकच शब्द होता: ‘हिशेब’, आणि खाली साल.

माझ्या डब्याला आता काम मिळाले. एक जुना मदरबोर्ड मजजवळ होता. त्याला फ्लॉपीच्या यंत्राची चौतीस तारांची चपटी पट्टी जोडता येई. यंत्र लाजपतराय मार्केटातून आणले. फ्लॉपीतली चकती लोहाच्या ऑक्साइडच्या भुकटीचा थर दिलेल्या पातळ फितीसारखी असते. तिच्यावर बुरशी चढते आणि चुंबकीय खुणा फिक्या होतात. लिनक्समध्ये अशा वेळी उपयोगी पडणारी एक युक्ती आहे. जो भाग वाचता येत नाही तो सोडून ती पुढे जाते, सुटेल तेवढे आधी सोडवून घेते आणि मग अडलेल्या जागी पुन्हा पुन्हा परत येते. परीक्षेतला शहाणा विद्यार्थी असाच वागतो. तीन रविवार घालवल्यावर अकरापैकी आठ फ्लॉप्या वाचल्या गेल्या. तीन गेल्याच.

पण फाइल उघडली, तर पडद्यावर मराठीचे नाव नाही. नुसती रोमन अक्षरांची खिचडी! मी भाषांतरकार असल्यामुळे मला तिचा उलगडा झाला. आज देवनागरीतल्या प्रत्येक अक्षराला युनिकोडमध्ये स्वतःचा क्रमांक आहे; पण तेव्हा सर्रास वापरले जाणारे फॉन्ट म्हणजे केवळ एक वेषांतर असे. दिल्लीत ‘कृतिदेव’ फार चाले. त्यात यंत्राच्या मनात असते रोमन ‘डी’ आणि पडद्यावर दिसतो ‘क’. ‘भारत’ हा शब्द यंत्राच्या पोटात ‘एच, के, के, जे, आर’ असा पडलेला असतो. फॉन्टचा मुखवटा काढला, की आपली भाषा परकी होऊन बसते. अशा मजकुराला युनिकोडमध्ये आणणारी साधने आहेत. कार्यालयात मी ती नेहमी वापरते. नानांचा सगळा मजकूर मी त्यांतून काढला आणि वाचला.

तो खरोखरच हिशेब होता. दूध, रेशन, वीज, बसचा पास, माझी शाळेची फी, साताऱ्याला आजीला मनिऑर्डर. २००० सालच्या जुलैपासून प्रत्येक महिन्यात ‘पतपेढी, संगणक हप्ता, १,४५०’. आणि अगदी शेवटी एक ओळ: ‘चष्मा, पुढील महिन्यात’. ती मी वाचली आणि पुढे गेले. नाना टापटिपीचे होते, राहिलेल्या कामांची नोंद ठेवत, एवढेच मनात आले. मजकूर जपून ठेवला आणि काम संपले असे मानले.

गेल्या वर्षी मात्र मला एक लहर आली. १९९९-२००० च्या सुमाराचा, ‘पेंटियम थ्री’चा एक संगणक भंगारात मिळाला. तो आमचा जुना संगणक नव्हता. असले योगायोग कथा-कादंबऱ्यांत घडतात. पण जात तीच. नळीचा पंधरा इंची पडदा एका परिचितांच्या गच्चीवरून आणला, त्या काळची विंडोज ९८ त्यावर चढवली, कृतिदेव फॉन्ट घातला आणि केवळ गंमत म्हणून, ही पाने त्या काळी दिसत तशी कशी दिसतात हे पाहावे म्हणून, नानांची मूळ फाइल उघडली.

अक्षरे केवढीतरी मोठी होती! सबंध पडद्यावर जेमतेम आठ-नऊ ओळी मावत होत्या. आणि मला एकदम आठवले. नाना असेच लिहीत. मी शेजारी उभी राहून हसत असे आणि म्हणत असे, “नाना, हे काय दुकानाच्या पाटीसारखं?” तेही हसत, पण अक्षर कधी लहान करत नसत. मजकूर युनिकोडमध्ये काढताना मी फक्त शब्द घेतले होते. अक्षरांचा आकार त्यात आला नव्हता. जाणकार म्हणतील, की मूळ फाइल नव्या संगणकावरही उघडता आली असती. खरे आहे, पण मला ते सुचले नसते. शब्द मिळाले म्हणजे सगळे मिळाले, असे मी समजून चालले होते. आणि असे समजणे हा भाषांतरकाराचा धंद्यातला जुना दोष आहे.

मी जुलैची फाइल मिटून ऑगस्टची उघडली. तशीच मोठी अक्षरे. शेवटी ‘चष्मा, पुढील महिन्यात’. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर. मग २००१ चा जानेवारी. सात महिने तीच ओळ. फेब्रुवारीच्या फाइलीत मात्र ती ओळ निराळी होती: ‘चष्मा, ४७५’. आणि मार्च महिन्याची फाइल उघडली, तो पडद्यावर अक्षरे लहान झाली होती. साधी, सर्वांची असतात तेवढी.

मी कितीतरी वेळ त्या दोन फाइली आळीपाळीने उघडत आणि मिटत बसले. फेब्रुवारी, मार्च. फेब्रुवारी, मार्च. चारशे पंच्याहत्तर रुपयांचा चष्मा त्या माणसाने सात महिने पुढे ढकलला होता. कारण दर महिन्याला चौदाशे पन्नास रुपये त्या संगणकाकडे जात होते, आणि तो संगणक माझ्यासाठी होता. मोठ्या अक्षरांचे कारण त्यांनी मला सांगितले नव्हते. आणि मी तो पाचशे रुपयांना विकला होता. चष्म्याच्या किमतीहून पंचवीस रुपये अधिक.

आई पलीकडे पालेभाजी निवडत होती. मी तिला विचारले, “आई, नानांनी चष्मा उशिरा घेतला का गं?”

तिने मान वर केली नाही. “त्यांना किती वेळा म्हटलं मी. वर्तमानपत्र लांब धरून वाचायचे. ‘हात पुरतात तोवर चष्मा कशाला?’ म्हणायचे. मग एक दिवस हात पुरेनासे झाले.”

“मला का नाही सांगितलंत?”

“तू अकरा वर्षांची होतीस. सांगून काय झालं असतं?” ती म्हणाली आणि देठ बाजूला काढत राहिली.

तो संगणक मी पुन्हा सोडवला नाही. खिडकीजवळच्या कोपऱ्यात तो तसाच जोडून ठेवला आहे. त्याला इंटरनेट नाही, आणि असू नये; इतक्या जुन्या प्रणालीला बाहेरच्या जगात पाठवणे सुरक्षित नसते. विजेचा खर्च नको म्हणून तो रविवारी दुपारी तेवढा लागतो. एक आखूड शिटी वाजते, पडदा हळूहळू उजळतो आणि आई आपली खुर्ची ओढून समोर बसते. तिच्या मोतीबिंदूचे एका डोळ्याचे ऑपरेशन झाले आहे, दुसऱ्याचे व्हायचे आहे. वर्तमानपत्र तिला आता नीट वाचता येत नाही. पण जुलै २००० ते फेब्रुवारी २००१ हे आठ महिने ती चष्म्यावाचून वाचते.

परवा मी टेबलावर एका मदरबोर्डचे स्क्रू काढत होते. तिकडून आईचा आवाज आला, “अगं, ऐकलंस का? ऑक्टोबरातला दुधाचा हिशेब चुकलाय यांचा. त्या महिन्यात आपण आठ दिवस साताऱ्याला होतो; मी दूध बंद करायला सांगितलं होतं.”

“मग काय करायचं?” मी विचारले.

ती थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, “राहू दे. त्यांनी लिहिलंय तसंच राहू दे.”